विश्लेषण : ओट्याला ग्रॅनाइट, मोरीला शहाबाद... घरात कोणता दगड कुठे बसवावा?

पावसाळा सरला, की पेठ वडगावच्या जुन्या गल्ल्यांत घरदुरुस्तीची कामे निघतात. पुढची लग्नसराई गाठायची असते, पुण्या-मुंबईच्या मुलाने पैसे पाठवलेले असतात किंवा उसाचे बिल जमा झालेले असते. दारात ग्रॅनाइटचा टेम्पो येऊन थांबतो आणि त्याच दिवशी सोप्यातून उखडलेली शहाबादी फरशी तुकडे होऊन ट्रॉलीत पडते. घर नवे दिसू लागते. वर्ष सरायच्या आत मात्र तक्रारी सुरू होतात. पांढऱ्या मार्बलवर पिवळे ओघळ आलेले असतात, ओट्यावर लिंबाच्या फोडीचा गोल उमटून राहिलेला असतो, आणि मोरीच्या तोंडाशी आजी घसरून पडलेल्या असतात. अशा बहुतेक घरांत दगड वाईट नसतो. तो चुकीच्या जागी बसवलेला असतो.

कोल्हापूरकडचा मूळ दगड कोणता?

या भागाचा दगड म्हणजे काळा पाषाण, अर्थात बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. जोतिबाचे देऊळ, कोल्हापूरचे अंबाबाई मंदिर, कृष्णाकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर ही सगळी याच दगडातली. वडगावसारख्या पेठेच्या गावांतील जुन्या घरांची जोती, पायऱ्या आणि आडाची कडीही त्याचीच. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे सरकले, की डोंगरमाथ्यावर जांभा लागतो. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो. पण त्याच्या अंगात छिद्रे असल्याने तो पाणीही भरपूर पितो.

बेसॉल्टची एक अडचण आहे. लाव्हा थंड होताना त्यात जागोजाग चिरा पडल्या, त्यामुळे त्याची मोठी, पातळ, सपाट फरशी निघणे अवघड. म्हणून घरातली फरशी पूर्वीपासून शेजारच्या प्रांतांतून आली. दुकानात जी नावे ऐकू येतात, ती मुळात गावांचीच नावे आहेत. शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले गाव. तांदूर तेलंगणातले, कडप्पा आंध्र प्रदेशातला, कोटा आणि मकराना राजस्थानातले. कोल्हापूरकडे येणारा लालसर ग्रॅनाइट बऱ्याचदा बागलकोट जिल्ह्यातील इलकलचा असतो. होय, साडीचेच इलकल. आणि चमकदार ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातील चिमाकुर्तीच्या खाणींतला.

दगडाची जात कशी ओळखायची?

दुकानातली शंभर नावे बाजूला ठेवली, तर घरात येणाऱ्या दगडाची मुख्यतः दोनच कुळे उरतात. पहिले चुन्याचे कूळ : मार्बल, शहाबाद, तांदूर, कोटा, कडप्पा. मार्बल दिसायला कितीही राजेशाही असला, तरी या बाबतीत तो शहाबादी फरशीचा भाऊबंदच. दोघांच्याही अंगात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते आम्लाला टिकत नाही. दुसरे कूळ अग्नीतून निघालेले : ग्रॅनाइट आणि आपला काळा पाषाण. यांतली खनिजे कठीण असतात आणि स्वयंपाकघरातल्या आंबट पदार्थांना ती दाद देत नाहीत.

गंमत म्हणजे बाजारातला ‘काळा ग्रॅनाइट’ भूगर्भशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतोच. बहुतेकदा तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे बेसॉल्टच्याच घरातला. नाव चुकीचे असले, तरी ओट्यासाठी दगड उत्तम.

ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणावा. त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून अर्धा तास ठेवावेत आणि पुसून उजेडात तिरके पाहावे. थेंबाच्या जागी चमक गेली असेल, तर तो दगड चुन्याच्या कुळातला. दुसरी परीक्षा स्टीलच्या सुरीची. तुकड्याच्या मागच्या बाजूला सुरीच्या टोकाने रेघ ओढावी. मार्बल किंवा कडप्प्यावर ओरखडा उठतो. ग्रॅनाइटवर उलट सुरीचेच पोलाद घासून करडी रेघ राहते, ती बोटाने पुसली जाते. खनिजांच्या कठिणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीत चुन्याचे खनिज तीनवर, सुरी साडेपाचच्या आसपास आणि ग्रॅनाइटमधली गारगोटी सातवर असते, त्याचाच हा परिणाम.

ही परीक्षा काळ्या दगडासाठी विशेष गरजेची. पॉलिश केलेला कडप्पा पहिल्या नजरेत काळ्या ग्रॅनाइटसारखा दिसतो. शिवाय करड्या दगडाला रंग चढवून काळा म्हणून विकण्याचे प्रकारही बाजारात होतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन घेऊन तुकडा घासावा. फडके काळे झाले, तर रंग वरचा आहे.

ओट्यासाठी काय घ्यावे?

कोल्हापुरी स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे दगडाची सत्त्वपरीक्षा. कांदा-लसूण चटणीचे तेल, हळद, रश्शाची तर्री, पिळलेले लिंबू, चिंचेचा कोळ, दह्याचे सांडलेले पाणी. यापुढे मार्बल टिकत नाही. तांबड्या रश्शाचा डाग कदाचित निघेल, पण लिंबाने गेलेली चमक पुसून परत येत नाही, कारण तो डाग नसतोच. तिथला दगडच झिजलेला असतो. म्हणून ओट्याला ग्रॅनाइट. त्यातही गडद रंगाचा आणि बारीक दाण्याचा. फिकट, मोठ्या दाण्याचे ग्रॅनाइट तेल जास्त पितात आणि शेगडीजवळ काळपट पडतात.

कडप्पा टाकाऊ मात्र नाही. ओट्याखालचे उभे आधार, भांड्यांचे कप्पे, देवळीतली फळी यांसाठी त्याच्याइतका सोयीचा दगड नाही. वाळवी लागत नाही, ओलीने फुगत नाही.

ओटा तडकतो तो बहुधा दोनच ठिकाणी : सिंकच्या आणि शेगडीच्या खाचेच्या कोपऱ्यावर. कारागीर कटरने काटकोनात खाच कापतो आणि दोन्ही काप कोपऱ्याच्या थोडे पुढे जातात. चीर तिथूनच धरते. कोपरे गोलसर काढून घ्यावेत आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना खालून आधार आहे, हे ओटा बसण्याआधी पाहावे. नंतर पाहून उपयोग नसतो. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण तापलेला तवा ठेवून लगेच गार पाणी ओतणे त्यालाही मानवत नाही. आणि ओट्याच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्यावी. सांडलेले पाणी तिथेच तुटून खाली ठिबकते, कपाटाच्या दारांवर ओघळत नाही. कारागिराचे दहा मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

सध्या ‘क्वार्ट्झ’ नावाने विकला जाणारा ओटा नैसर्गिक दगड नाही. गारगोटीचा चुरा राळेत घट्ट करून तो कारखान्यात बनतो. डाग कमी धरतो, पण राळेमुळे तापलेल्या भांड्याचा चट्टा त्यावर कायमचा उमटू शकतो.

मोरी, न्हाणीघर आणि जिना : धोका कशाचा?

ओट्यावरची चूक पैशात जाते. मोरीतली चूक हाडावर बेतते. आरशासारखे पॉलिश केलेला कोणताही दगड, मग तो मार्बल असो, कोटा असो वा ग्रॅनाइट, साबणाच्या पाण्याने निसरडा होतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण आणि अनेकदा कायमचे परावलंबित्व वाट्याला येते. जुन्या घरातल्या खडबडीत शहाबादी मोरीला कोणी देखणे म्हणत नव्हते, पण तिच्यावर पाय धरत होता.

म्हणून पाण्याच्या जागी पॉलिश नको, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. शहाबाद किंवा कोटा नैसर्गिक पृष्ठभागाचा, न घासलेला मिळतो. ग्रॅनाइट हवाच असेल, तर आगीच्या झोताने खरखरीत केलेला ‘फ्लेम’ किंवा टाकीकामाचा घ्यावा. ‘लेदर’ फिनिश हाताला छान लागतो, पण ओल्या पायाला तो पुरेसा धरतोच असे नाही. दुकानात नमुना जमिनीवर ठेवून त्यावर साबणाचे पाणी ओतावे आणि हाताने आधार धरून अनवाणी पाय घासून पाहावा. दुकानदार हसेल. हसू द्यावे.

जिन्याची एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या पायऱ्यांवर नवा दगड चढवला आणि खालची जमीन तशीच राहिली, की पहिली पायरी इंच-दीड इंच उंच होते. वरची जमीन तशीच राहिली, तर शेवटची पायरी तेवढीच बुटकी होते. पायाला सवय सारख्या उंचीची असते. अंधारात माणूस अडखळतो तो नेमका इथेच. नव्या दगडाची जाडी आधी हिशेबात धरून वरची-खालची पातळी जुळवून घ्यावी आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोन-तीन बारीक खाचा मारून घ्याव्यात.

जुन्या फरशीवर नवी फरशी टाकण्यातही हाच घोळ होतो. तोडफोड वाचते, पण उंबरा जमिनीत बुडतो, दारे खालून तासावी लागतात आणि मोरीचा ढाळ हरवतो. मग पाणी जाळीकडे जायचे सोडून घरात येते.

तळमजल्याचा दगड डागाळतो तो कशामुळे?

वडगाव परिसर वारणा आणि पंचगंगेच्या मधल्या काळ्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात हीच माती भरलेली असेल, तर वरची फरशी कितीही महाग असो, दोन-तीन वर्षांत सांधे उघडतात आणि कोपरे उचलतात. नूतनीकरणात फरशी उखडलीच असेल, तर भरणी काढून मुरूम टाकणे, पाणी मारून धुमसणे आणि त्यावर काँक्रीटचा थर देणे, यावरचा खर्च दगडाच्या खर्चाआधी धरायला हवा.

दुसरे कारण ओल. जुन्या दगड-मातीच्या घरांना जमिनीची ओल रोखणारा थर बहुधा नसतो. ओल वर चढताना क्षार घेऊन येते आणि दगडाच्या तोंडाशी पाणी उडून गेले, की पांढरा लोणा उमटतो. मार्बलमध्ये लोहाचा अंश असेल, तर तो या ओलीत गंजतो. पांढरी फरशी पिवळी पडते ती अशी. कितीही घासली, तरी डाग आतून येत राहतो. अशा घरात पांढरा मार्बल टाळणे शहाणपणाचे. बसवायचाच असेल, तर खाली ओलरोधक थर हवा आणि बैठक पांढऱ्या सिमेंटची हवी. ओलसर फरशीवर चकाकी आणणारे लेप मारू नयेत. कोंडलेले क्षार मग दगडाचे पापुद्रे काढतात.

दुकानात काय पाहावे?

स्लॅब भर उजेडात, उभी करून पाहावी. त्यावर पाणी मारावे आणि सुकू द्यावे. सगळा दगड सुकल्यावरही एखादी ओली रेघ मागे राहिली, तर ती चीर असते. बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल, तर तो दगड मुळात ठिसूळ आहे हे समजावे. ‘इटालियन मार्बल’ या नावाखाली येणाऱ्या दगडांत अशी जाळी नेहमी दिसते. तो इटलीचाच असतो असेही नाही. इतर देशांतला मार्बलही आपल्याकडे त्याच नावाने विकला जातो.

निवडलेल्या स्लॅबवर सही करून यावे. एकाच ठोकळ्यातून कापलेल्या लागोपाठच्या स्लॅब घेतल्या, तरच रंग जुळतो. माप स्लॅबचे धरणार की बसलेल्या कामाचे, कापताना वाया जाणारा दगड कोणाच्या माथी, मोल्डिंगचा रनिंग फुटाचा दर वेगळा आहे का, हे आधी विचारून कागदावर घ्यावे. भांडणे दगडावरून कमी आणि यावरून जास्त होतात. शिवाय दोन-तीन फरश्या जास्तीच्या घेऊन माडीवर ठेवाव्यात. पुढे नळ गळून फरशी फोडावी लागली, तर तोच रंग पुन्हा मिळत नाही.

रोजची निगा कशी राखावी?

दगडाचा सर्वांत मोठा शत्रू ॲसिडची बाटली. संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड शहाबाद, कोटा किंवा मार्बलवर पडले, की फेस येतो आणि घाण निघाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दगडाचाच एक पदर निघत असतो. पृष्ठभाग खरबरीत होऊन पुढच्या खेपेला मळ आणखी धरतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांचे घरगुती उपायही याच माळेतले. पितळेच्या समईला चिंच चालते, तिच्याखालच्या दगडाला नाही. कोमट पाण्यात भांड्याचे पातळ साबण थोडेसे घालून पुसणे आणि नंतर साध्या पाण्याने एक हात फिरवणे पुरते.

तेलाचा डाग पडला, तर खाण्याच्या सोड्याचा दाट लगदा त्यावर थापून वर प्लास्टिक लावावे आणि एक दिवस ठेवावे. लगदा सुकताना तेल ओढून घेतो. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. गॅस सिलिंडरच्या बुडाचा गंजका गोल मात्र हट्टी. गंज काढणारी बहुतेक द्रावणे आम्लाची असतात आणि चुन्याच्या दगडावर ती चालत नाहीत. सिलिंडरखाली चाकांची गाडी किंवा रबरी चकती ठेवणे एवढाच इलाज.

‘सीलर मारले, की काही होत नाही’ असे दुकानात सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. सीलर तेल-पाणी मुरण्याचा वेग कमी करते, त्यामुळे पुसायला वेळ मिळतो. आम्लाने होणारी झीज ते थांबवत नाही. सीलर केव्हा हवे, हे पाण्याचा थेंब सांगतो. पाच-दहा मिनिटांत थेंबाखालचा दगड गडद झाला, तर वेळ झाली.

काम सुरू असताना कोणती काळजी?

बहुतेक घरांत फरशी अंगणात किंवा सोप्यातच कोरडी कापली जाते. पांढऱ्या धुरळ्यात कारागीर नाकाला रुमाल बांधून बसलेला असतो आणि घरची मुले बघत उभी असतात. ग्रॅनाइटच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे सिलिकाचे, अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात रुतले, की वर्षांनंतर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ‘क्वार्ट्झ’च्या स्लॅबमध्ये सिलिकाचे प्रमाण त्याहून फार जास्त असते. अनेक तरुण कारागीर आजारी पडल्यानंतर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचा वापर आणि विक्री बंद केली.

आपल्याकडे निदान पाणी सोडत कापणे आणि रुमालाऐवजी नीट बसणारा एन-९५ मास्क वापरणे, एवढे तरी घरमालकाला ठरवता येते. कटरला पाण्याची बारीक धार जोडली, तर धूळ जागीच बसते. विजेचे अवजार आणि पाणी एकत्र येत असल्याने जोडणीला अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच मात्र हवाच. शक्य तितके काप दुकानातल्या मोठ्या मशीनवरच मारून आणले, तर उत्तम.

जुन्या दगडाचे काय करावे?

२०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात जतन-संवर्धनाचे काम झाले. त्या वेळी नंतरच्या काळात चढवलेला ग्रॅनाइट, मार्बल आणि टाइल्स काढून आतला काळा दगड पुन्हा उघडा करण्यात आला. घरांतही हीच शक्यता असते. जुनी शहाबादी फरशी चुन्यात किंवा मातीत बसवलेली असेल, तर पहारीने हळुवार उचलल्यास ती अखंड निघते. खडूने आकडे टाकून रचून ठेवावी. वरची बाजू झिजलेली असली, तरी उलटून खालची बाजू पुष्कळदा कोरी मिळते. कडा मशीनवर सरळ करून घेतल्या, की परड्यात, मोरीत, गच्चीच्या जिन्यात ती पुन्हा बसते. सिमेंटात बसवलेली असेल, तर उचलताना फुटते. ती जागेवरच मशीनने घासून घ्यावी. जाड फरशी असे घासणे अनेकदा सोसते.

जोत्याच्या घडीव दगडांवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची सध्या हौस आहे. जुन्या चुन्याच्या दर्जांतून भिंतीतली ओल बाहेर पडत असते. गिलाव्याने ती वाट बंद होते आणि ओल आत, भिंतीच्या वर चढते. दर्जा रिकाम्या झाल्या असतील, तर चुन्यानेच भराव्यात.

उंबऱ्याचा दगड बदलण्याची वेळ आली, तर तो शेवटी काढावा. घराच्या जमिनीची मूळ पातळी त्यावरूनच समजते, आणि नवी फरशी, ढाळ, पायऱ्या यांचे सगळे हिशेब तिथूनच मोजायचे असतात.